उलट्या पुस्तकांची रोवणी

भाताची रोवणी लागली की आमचं वाचनालय ओस पडतं. वर्षभर खुर्ची धरून बसणारे म्हातारेसुद्धा बांध्यांवर जातात, काम करायला नाही तर निदान चुका काढायला. वर्तमानपत्रं घडी न मोडता पडून राहतात. खिडकीबाहेर, नागभीडकडे जाणाऱ्या रस्त्याच्या पलीकडे, चिखलणी झालेल्या बांध्या दिसतात आणि त्यांत ओळीने वाकलेल्या बाया. पाठीवर खताच्या पिशवीची खोळ, हातात पऱ्ह्यांची, म्हणजे भाताच्या रोपांची, जुडी. या वर्षीही परवापासून रोवणी सुरू झाली आणि परवापासून माझ्या बोटांना डिंकाचा वास येतो आहे. बाटली कपाटात बंद आहे, मी हात दोनदा धुतले आहेत. हा वास तीन वर्षांपूर्वीच्या रोवणीचा आहे, तो असा धुऊन जायचा नाही.

मी इथली ग्रंथपाल. शब्द भारी आहे, पण झाडू मारण्यापासून मासिकं शिवण्यापर्यंत सगळं माझ्याकडेच. गाव मला नुसतं बाई म्हणतं. आमच्या वाचनालयाचा एक जुना नियम आहे, तो मी दुसरीकडे कुठे पाहिला नाही. ज्या मास्तरांनी हे वाचनालय काढलं त्यांनीच तो घालून दिला: कुणीतरी पुस्तक पूर्ण वाचून अभिप्राय वहीत चार ओळी लिहायच्या, खाली सही करायची, मगच ते फळीवर चढायचं. भाजी चाखल्याशिवाय पंगतीत वाढू नये, असं मास्तर म्हणायचे. त्यामुळे देणगीत आलेले काही भारदस्त ग्रंथ वाचक न मिळाल्याने अजून खोक्यात आहेत आणि पाककृतींची फाटकी पुस्तकं मानाने फळीवर आहेत. मला हा नियम मनापासून आवडतो. मी तो आयुष्यात एकदाच मोडला, आणि तोही घरात.

तीन वर्षांपूर्वी रोवणी ऐन भरात असताना एसटीच्या पार्सलने एक खोकं आलं. पाठवणारी माझी मुलगी, मृणाल. ती हैदराबादला नोकरी करते. खोक्यात एकतीस पुस्तकं होती, सगळी जपानी चित्रकथांची. त्यांना मांगा म्हणतात. काळ्या-पांढऱ्या रेघांची चित्रं, फुग्यांत संवाद, तेही इंग्रजीत. वर चिठ्ठी होती: "आई, खोली लहान पडते. वाचनालयात ठेव, नाही तर रद्दीत घाल. तुला सवय आहे."

शेवटचं वाक्य मी उभ्यानेच वाचलं आणि मग खाली बसले.

मृणाल दहावीत असताना, सराव परीक्षेच्या दिवसांत, तिच्या भूमितीच्या पुस्तकात मला असंच एक पुस्तक सापडलं होतं. मैत्रिणीकडून आणलेलं. मी ते ओढून घेतलं. "चित्रं पाह्याचं वय राह्यलं का तुहं?" असं म्हणाले आणि तेवढ्यात दारात आलेल्या भंगारवाल्याच्या पोत्यात टाकून दिलं. पोर रडली नाही, ओरडली नाही. तिने एवढंच विचारलं, "आई, तू वाचलं का ते?"

"मी कायले वाचू?"

"मंग अभिप्राय कशाचा देऊन राह्यली?"

त्या दिवसापासून तिने मला आपण काय वाचतो हे सांगणं बंद केलं. आधी ती शाळेतून आली की दप्तर न काढता गोष्ट सांगायला लागायची. कोण मेलं, कोण पळून गेलं, कुणाचं चुकलं. नंतर दहा वर्षं आम्ही जेवणाबद्दल बोललो, पावसाबद्दल बोललो, तब्येतीबद्दल बोललो. फोन रोज यायचा. तक्रार करावी असं त्यात काही नव्हतं, आणि तेच मला खायचं. मला माझ्या पोरीचं बोलणं परत हवं होतं.

पोळ्याला ती येणार होती. पोळ्याच्या आदल्या दिवशी वाचनालयाची सभा होती. मी खोकं उघडून एकतीस पुस्तकं टेबलावर मांडली आणि पदर खोचला. वाचीन तर सगळी वाचीन, आणि पोळ्याच्या आत वाचीन. एकही पान न वगळता.

निश्चय चांगला होता. सुरुवात मात्र वीस वर्षांच्या सवयीने केली. पुस्तक आलं की दाखल क्रमांक द्यायचा, मुखपृष्ठ उलटून पहिल्या पानावर गोल शिक्का मारायचा आणि त्याच पानावर देवघेवीची तारीख-पट्टी डिंकाने चिकटवायची. एका दुपारीत एकतीस पुस्तकं उरकली. हात चालतात तेव्हा डोकं बाजूला बसून पान खातं, तसं झालं.

मग वाचायला घेतली. पहिल्या तीन पुस्तकांवर मी लिहिलेले अभिप्राय अजून वहीत आहेत. खोडायचे नाहीत, हाही मास्तरांचाच नियम. एक असा आहे: "कथेला सुरुवात नाही. मेलेला मनुष्य पुढे चालू लागतो व अखेरीस तरुण होतो. जपानी मंडळींची कल्पनाशक्ती अफाट, परंतु थकवणारी." दुसऱ्यात मी लिहिलं आहे की पात्रं आधी उत्तर देतात आणि नंतर प्रश्न विचारतात. तिसऱ्या अभिप्रायात फक्त "समजले नाही" आहे आणि खाली माझी लफ्फेदार सही.

माझी ही गाडी रुळावर आणली शेवंताबाईने. शेवंताबाई वाचनालयासमोरच्या बांधीत रोवणीला यायची. दुपारी पाऊस असला की बाया आमच्या ओसरीवर डबे उघडायच्या. चौथीनंतर तिची शाळा सुटली होती, पण मासिकातली चित्रं ती सोडायची नाही. हात पुसून ती माझ्याजवळ येऊन बसली आणि मी वाचत होते त्या पानात डोकावली. ते एका म्हाताऱ्या खानावळवाल्याचं पुस्तक होतं. मी चार पानं उलटली, तशी ती माझ्याकडे बघायला लागली.

"बाई, हा बुढा आधी जेवला. मंग भात शिजवला. मंग धान कापला. आन् आता रोवून राह्यला. कोन्या देशात असं होते?"

मी म्हणाले, जपानची रीतच वेगळी.

"रीत कशाची वेगळी? पोट तं तेच हाये ना." तिने पुस्तक माझ्या हातातून घेतलं, पालथं केलं आणि दुसऱ्या टोकाकडून उघडलं. रोवलं, कापलं, शिजवलं, जेवला. "तुमी मांगच्या दारातून शिरल्या, बाई."

जपानी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. आपल्याला जो शेवटचा पुठ्ठा वाटतो ती त्यांची सुरुवात. हे मला कळलं ते एका रोवणाऱ्या बाईकडून, आणि बी.ए.ची पदवी भिंतीवर टांगलेली असताना.

"असं उलटं वाचाले जमन का आता मले?" मी विचारलं. माझा आवाज जरा रडवेलाच झाला असावा.

शेवंताबाई हसली. "आमी नाई का मांगं मांगं सरकत रोवत? समोर चाललो तं रोवलेलंच तुडवू."

ती बांधीत परतली, आणि मी खिडकीतून वीस वर्षं जे बघत होते ते त्या दिवशी नीट बघितलं. एकही बाई पुढे जात नव्हती. सगळ्या पाठीकडे सरकत होत्या आणि हिरवं शेत त्यांच्या समोर वाढत होतं. मी पहिल्यापासून, म्हणजे त्यांच्या पहिल्यापासून, सुरुवात केली.

आता अभिप्रायांबद्दल सांगते, कारण त्या रोवणीत मी दुसरं काही केलंच नाही. सकाळी स्वयंपाक, मग वाचनालय, डाव्या हाताशी शब्दकोश आणि उजव्या हाताशी वही. खानावळवाल्याची पाच पुस्तकं मला फार आवडली. त्यात काही घडत नाही. बंदराजवळची खानावळ, मेलेल्या बायकोच्या हातची एक आमटी, आणि ती पुन्हा जमवण्याचा म्हाताऱ्याचा हट्ट. पाचव्या भागातही आमटी जमत नाही. मी लिहिलं, "जमली असती तर मला राग आला असता." भाताच्या वाफेची चित्रं बघून मला दोनदा भूक लागली आणि एकदा रडू आलं, तेही वहीत नोंदवलं आहे.

तलवारीवाली दहा पुस्तकं मी दात-ओठ खाऊन संपवली. या मंडळींना मरण्याआधी फार बोलायचं असतं. तलवार म्यानातून बाहेर यायला तीस पानं, आणि तोवर समोरचा आपलं बालपण सांगतो. पण घोडे फार देखणे काढले आहेत. "मला नावडली. आवडणारे निघतील, फळीवर ठेवावी," असा अभिप्राय दिला. नावडलेल्यावर अन्याय करायचा नाही, हे मी दहा वर्षं उशिरा का होईना, शिकत होते.

प्रेमकथेचे सहा भाग. पाचव्या भागापर्यंत हातात हात नाही. आमच्याकडे तोवर पोराचं बारसं होऊन जातं. तरी त्यातलं एक पान मी पुन्हा पुन्हा उघडून बघत होते. मुलगी जिना उतरून गेलेली आहे, मुलगा वर उभा आहे, आणि पुढची तीन चित्रं नुसत्या रिकाम्या पायऱ्यांची. कुणी काही बोलत नाही. मृणाल होस्टेलला गेली त्या दिवशी आमचा जिना असाच दिसत होता.

भुताची चार पुस्तकं मी शेवंताबाईबरोबर बघितली. एका बाईच्या घरात रोज एक खोली वाढते, एवढीच गोष्ट. पहिल्या भागात नुसता दरवाजा आहे आणि अंगावर काटा येतो. चौथ्या भागात भूत सगळे दात दाखवत बाहेर येतं. शेवंताबाईने ते चित्र बघून पुस्तक मिटलं. तिची पाळी त्या दिवशी जंगलाकडे तोंड करून काठी घेऊन उभं राहण्याची होती, वाकलेल्या बायांची पाठ राखायला.

"वाघ दिसला त्या दिशी मी भ्याली नाई," ती म्हणाली. "नाई दिसला त्या दिशी भ्याली."

हा अभिप्राय मी तिच्या नावाने वहीत लिहिला आणि तिची सही घेतली. वाचनालयाच्या इतिहासात भयकथेवर इतकं नेमकं कुणी लिहिलेलं नाही, हे मी जुन्या वह्या चाळून सांगते आहे.

शेवटी उरली होडीची पुस्तकं. तळ्याकाठची एक शाळा, पटसंख्या घसरल्यामुळे बंद पडायला आलेली, आणि वल्ही मारणाऱ्या पाच मुली. पहिले तीन भाग मी दोन दिवसांत संपवले. तिसऱ्याच्या शेवटच्या चित्रात होड्या ओळीने उभ्या आहेत आणि माणसाने निशाण वर धरलं आहे. मी घाईने पुढचं पुस्तक उघडलं. त्यात होडी काठावर पालथी पडलेली, कप्तान मुलीचे लांब केस कानापर्यंत कापलेले, आणि शर्यतीबद्दल कुणी बोलायला तयार नाही. मला वाटलं, पुन्हा मागच्या दारातून शिरले. पुठ्ठा बघितला. भाग पाच. खोकं पालथं केलं, टेबलाखाली बघितलं, रजिस्टर तपासलं. एक, दोन, तीन, पाच, सहा, सात. चौथा आलाच नव्हता.

मग मला भंगारवाल्याचं पोतं आठवलं. त्यात पडलेल्या पुस्तकाच्या पुठ्ठ्यावर पाण्याचा निळा रंग होता आणि कोपऱ्यात मोठा आकडा. आकडा मी तेव्हा वाचला नव्हता. आता मात्र तो मला स्पष्ट दिसला.

आणखी एक पाप निस्तरायचं होतं. ज्याला मी पहिलं पान समजले ते सगळ्या पुस्तकांचं शेवटचं पान होतं. म्हणजे एकतीस गोष्टींच्या शेवटच्या चित्रावर मी शिक्का मारून वर तारीख-पट्टी चिकटवली होती. म्हाताऱ्याची शेवटची आमटी, सहाव्या भागातला हातात हात, सगळं पट्टीखाली. ओलं फडकं ठेवायचं, डिंक फुगू द्यायचा, नखाने कड उचलायची. पंधरा दिवस मी हेच करत होते. बहुतेक चित्रं सुटली. काही ठिकाणी कागदाचा पापुद्रा निघाला. शिक्के मात्र निघाले नाहीत.

सभेला अध्यक्ष नामदेवभाऊ आणि चार सभासद होते. नामदेवभाऊ मनाने चांगले, पण बोलणं आधी सुटतं.

"बाई, पोट्ट्याइले उलटं वाचाची सवय लागली तं शाळेत काय करतीन? देऊन टाका ही पुस्तकं."

"भाऊ, एक तरी वाचलं का तुमी?"

"नाई."

"मंग अभिप्राय कशाचा देऊन राह्यले?"

वाक्य तोंडातून गेलं आणि ते कुणाचं आहे हे माझ्या ध्यानात आलं. मी वही उघडून पंचवीस पुस्तकांचे अभिप्राय वाचून दाखवले, पहिल्या तीन फजित्यांसकट. हसून हसून नामदेवभाऊंचा चष्मा खाली आला. पंचवीस मंजूर झाली. मग मी होडीच्या सहा भागांचा अभिप्राय वाचला. नामदेवभाऊ म्हणाले, "जाऊ द्या ना, बाई. वाचलं म्हनून लिहून टाका. कोनाले काय समजते?"

"नाई. चौथा वाचला नाई, तं ही सहा चढनार नाई."

दुसऱ्या दिवशी सकाळी मृणाल बल्लारपूरला गाडी बदलून आली. बॅग ओसरीवर टाकून तिने आधी फळी बघितली. एक पुस्तक काढून शेवटचं पान उघडलं. तिथे प्रेमकथेतली मुलगी अखेर हात हातात घेऊन उभी होती आणि तिच्या कपाळावर आमच्या वाचनालयाचा गोल शिक्का होता. मृणालने ओठ दाबून धरले, पण हसू फुटलंच. "आई, काय केलं हे!"

"चुकली," मी म्हणाले. "मांगच्या दारातून शिरली मी."

मग तिने मोजलं. "पंचवीसच? होडीचे कुठी हायेत?"

मी खोक्याकडे बोट दाखवलं आणि वही तिच्यापुढे सरकवली. बोलून दाखवण्याची माझी हिंमत नव्हती. त्या पानावर असं लिहिलं होतं: "भाग एक, दोन, तीन, पाच, सहा व सात वाचले. उत्तम आहेत. भाग चौथा ग्रंथपालाने पूर्वी न वाचता रद्दीत घातला. ही ग्रंथपालाची चूक आहे. सबब या मालिकेवर अभिप्राय देण्याचा तिला अधिकार नाही." खाली सही. लफ्फा नव्हता.

मृणालने ते दोनदा वाचलं. बाहेर बैलांना पाण्यावर नेत होते, घंटा वाजत होत्या.

"तुह्यापाशी बाकी सगळे हायेत," मी विचारलं. "चौथा काऊन नाई घेतला?"

"होस्टेलले वाचला मैत्रिणीचा. घेतला नाई." ती वहीकडेच बघत होती. "तो तू द्याचा होता."

इतकी वर्षं ती एका पुस्तकाची जागा रिकामी ठेवून बसली होती आणि मी तिला पावसाबद्दल विचारत होते. मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिने तो झटकला नाही. मग तिने खुर्ची माझ्याजवळ ओढली, पायांतल्या चपला काढून पाय वर घेतले, दहावीच्या आधी घ्यायची तसेच.

"तिसऱ्याच्या शेवटी कुठी होतो आपन?"

"निशान वर हाये," मी म्हणाले. "सोडलं नाई अजून."

आणि ती सांगायला लागली. चौथा भाग म्हणजे पूर्ण एकच शर्यत. अर्ध्या तळ्यात एक मुलगी वल्हं उचलून धरते आणि थांबते, कारण कप्तानने तिला न विचारता तिची जागा बदललेली असते. ती ओरडत नाही, भांडत नाही, नुसती थांबते. होडी गोल फिरते. सगळे पुढे निघून जातात. मृणाल हाताने होडी फिरवून दाखवत होती. पुरणाची डाळ घरी तशीच भिजत राहिली. मग काठावर आल्यावर कुणी कुणाला बोलत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कप्तान केस कापून येते.

"काऊन?"

"ते तिचं माफी मांगनं हाये. तोंडानं जमत नाई ना तिले." एवढं बोलून मृणालने वही मिटली आणि तिच्यावर हात ठेवला.

त्याच पानावर मी नंतर लिहिलं, "चौथा भाग मुलीच्या तोंडून पूर्ण ऐकला." नामदेवभाऊंनी मान्यतेची सही केली आणि खाली स्वतःच्या हाताने लिहिलं की नियम मोडलेला नाही. सहा भाग फळीवर गेले. दाखल रजिस्टरात चौथ्याच्या रकान्यात एकच शब्द आहे: तोंडी.

आता फोन लांबतात. कोण मेलं, कोण पळून गेलं, कुणाचं चुकलं, सगळं कळतं. कधी कधी मी म्हणते, चौथा मिळतो म्हणे बाजारात, मागवू का? तर ती म्हणते, खबरदार.

आज दुपारी सर आली आणि बाया ओसरीवर चढल्या. शेवंताबाई चिखलाचे पाय बाहेर ठेवून दारातूनच म्हणाली, "बाई, ही माही जाऊ. तिसरा पाहून झाला तिचा. चौथा सांगा." जाऊ तिच्यामागे उभी होती. हातातलं पुस्तक तिने बरोबर बाजूने धरलं होतं.

मी रजिस्टर बंद केलं, बाहेर येऊन पायरीवर बसले आणि विचारलं, "तिसऱ्याच्या शेवटी कुठी होतो आपन?"